लंडनच्या गरिबाचे मटण



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. या मंडपात मांस खाणारे बसले आहेत, तसे न खाणारेही बसले आहेत. न खाणाऱ्यांनी उठून जाण्याचे कारण नाही. मी पाकक्रिया सांगणार नाही. मला सांगायची आहे ती एका बाजाराची हकीकत. आठवड्याला वीस-बावीस शिलिंग मिळविणाऱ्या माणसाच्या घरी, चार पोरे असताना, खाण्यालायक मांस किती वेळा यावे आणि ते कोणाच्या ताटात पडावे, हा प्रश्न लंडन शहराला सुमारे शंभर वर्षे छळत होता. त्याचे उत्तर शोधता शोधता लोक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचले. उत्तर सापडले, पण अर्धेच. उरलेले अर्धे कोठे अडले होते, हे मला आज आपणांस दाखवावयाचे आहे.

इ. स. १८६३ साली डॉ. एडवर्ड स्मिथ या वैद्याने सरकारच्या सांगण्यावरून इंग्लंडातील अल्पवेतनी कुटुंबांच्या आहाराची पाहणी केली. शिवणकाम करणाऱ्या बाया, रेशीम विणणारे, हातमोजे शिवणारे, चांभार, शेतमजूर अशा लोकांच्या घरी आठवड्याला पाव किती येतो, बटाटे किती, चरबी किती, मांस किती, याची त्याने मोजदाद केली. मांस फार थोडे येत होते, हे त्याला अपेक्षितच होते. त्याला दिसलेली दुसरी गोष्ट मात्र अधिक बोलकी होती. जे थोडे मांस घरात येई ते बहुतेक सारे कर्त्या पुरुषाच्या वाट्याला जाई. बायको आणि मुले पाव-बटाट्यावर भागवीत. यात कोणाला अन्याय वाटत नव्हता. पुरुषाच्या अंगात बळ राहिले नाही तर मजुरी बुडेल आणि मग पावही मिळणार नाही, हा घरातल्या बाईचाच हिशेब होता. हा हिशेब आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे गलबते आली, यंत्रे आली, दुकाने आली, तरी हा हिशेब जागचा हलला नाही.

मांस इतके महाग का होते? एक कारण उघड आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून १८०१ साली सुमारे ८९ लाख माणसे होती. १८७१ साली ती २ कोटी २७ लाख झाली. माणसे अडीचपट झाली, कुरणे काही अडीचपट झाली नाहीत. दुसरे कारण मांसाच्या स्वभावात आहे. धान्य स्वस्त असेल तेव्हा घेऊन पेवात घालता येते आणि महागाईत बाहेर काढता येते. मांसाला पेव नाही. आपल्याकडे लोकांनी यावर आपापल्या परीने तोड काढली होती. कोकणात पावसाळ्यापूर्वी सुकट आणि बोंबील भरून ठेवतात. मराठवाड्यातील दलित वस्त्यांत मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून त्यांच्या चान्या करून ठेवीत आणि अडीअडचणीच्या दिवसांत त्या कामी येत. परंतु हे सारे उन्हाच्या जिवावर. लंडनमध्ये आणि ऊन! तेथे मीठ किंवा धूर एवढीच साधने होती, आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा हेच बहुतेक गरिबांचे रोजचे मांस होते.

या नाशवंतपणातूनच लंडनची एक विलक्षण प्रथा निर्माण झाली. कामगाराला मजुरी शनिवारी संध्याकाळी मिळे. रविवारी बाजार बहुतांशी बंद. खाटकाकडे बर्फाची सोय नाही. शनिवारी रात्री उरलेले मांस सोमवारपर्यंत टिकण्याची, विशेषतः उन्हाळ्यात, शाश्वती नाही. तेव्हा शनिवारी रात्री जसजसा उशीर होई तसतसा मांसाचा भाव उतरे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या श्रमिकांवर १८५१ च्या सुमारास जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात लॅम्बेथ भागातील न्यू कट या रस्त्यावरच्या शनिवार रात्रीच्या बाजाराचे वर्णन आहे. गॅसच्या आणि चरबीच्या दिव्यांचा लालभडक उजेड, आरडाओरडा, खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. दुकानदार मांसाचे तुकडे हातात धरून ओरडत आणि शेवटी शेवटी चक्क लिलाव पुकारीत. ज्या बाईकडे चार पैसे जास्त असत ती आठ वाजता येऊन निवडून घेई. जिच्याकडे नसत ती रात्री अकरानंतर येई. उशिरा आल्याने भाव उतरलेला मिळे आणि मालही उतरलेला मिळे. किती वाजता घराबाहेर पडावे, हाच तिच्या अंदाजपत्रकातला सर्वांत नाजूक निर्णय होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्याहून गरीब असत त्यांच्यासाठी खाटकाच्या ठोकळ्यावर कापून उरलेले बारीकसारीक तुकडे मांडलेले असत. त्यांना गिऱ्हाइकांनी नाव दिले होते ‘ठोकळ्यावरचे दागिने’. गरिबाच्या विनोदबुद्धीला मी दाद देतो. शिवाय मेंढीचे पाये, वजडी, गाईचे खूर, मुंडी, रक्त आणि काळजाचे गोळे हे सारे होतेच. आपल्याकडे ज्यांनी वजडी आणि पाये खाल्ले आहेत त्यांना हे पदार्थ हलके म्हणण्याचे धारिष्ट होणार नाही. पण ते नीट शिजवावे लागतात, आणि तेथेच तर अडचण होती.

१८५२ साली शार्ल एल्मे फ्रांकातेली या नामांकित आचाऱ्याने श्रमिक वर्गासाठी स्वस्त पाककृतींचे एक पुस्तक काढले. हा गृहस्थ पूर्वी प्रत्यक्ष व्हिक्टोरिया राणीच्या मुदपाकखान्यात होता. हेतू चांगला होता, पाककृतीही वाईट नाहीत. परंतु पुस्तकाच्या आरंभीच तो सांगतो की, बाजूला भट्टी असलेली चूल घ्या, लोखंडी हंडा घ्या, अमके भांडे घ्या, तमके घ्या. या सामानाची किंमत मजुराच्या आठवड्याच्या कमाईहून अधिक! स्वस्त मांस म्हणजे गळ्याचे, छातीचे, नळीचे मांस. ते मंद आचेवर तीन-तीन तास शिजावे लागते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे उघडी शेगडी, एक भांडे, आणि किलो-दोन किलोच्या हिशेबाने महाग घेतलेला कोळसा. नळीचे मांस घेऊन जे पैसे वाचत ते कोळशात जळून जात. म्हणून ती बाई अनेकदा पटकन तव्यावर होणारा महाग तुकडा घेई आणि शहाणे लोक तिला उधळी म्हणत. रविवारी मोठा तुकडा असला तर तो थाळ्यात घालून पाववाल्याकडे पाठवीत. तो एक-दोन पेन्स घेऊन आपल्या भट्टीत भाजून देई.

हे झाले भावाचे. मालाच्या कसाची गोष्ट आणखी वाईट होती. जॉन गॅमजी या पशुवैद्याने १८६० नंतरच्या काही वर्षांत सरकारला असे कळविले की, देशात विकल्या जाणाऱ्या मांसापैकी पाचवा हिस्सा रोगी जनावरांचा असतो. पुष्कळांनी त्याच्यावर अतिशयोक्तीचा आरोप केला. तेवढ्यात १८६५ साली बाल्टिक समुद्राकडून आलेल्या गुरांबरोबर बुळकांडी इंग्लंडात शिरली आणि दोन वर्षांत लक्षावधी गुरे गेली. (आपल्या शेतकऱ्यांचे गोठे रिकामे करणारी तीच ही बुळकांडी, २०११ साली ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.) मांसाचा भाव आणखी चढला. रोगी जनावराचे मांस श्रीमंत पेठेत जात नसे, हे सांगायला नकोच. ते शनिवारी रात्री अकरानंतर न्यू कटवर येई.

मग पर्याय शोधण्याची धांदल उडाली. पॅरिसमध्ये १८६६ साली घोड्याच्या मांसाची दुकाने कायदेशीर झाली. लंडनमध्ये १८६८ साली काही हौशी मंडळींनी लँगहॅम हॉटेलात घोड्याच्या मांसाची मेजवानीही घातली. लंडनच्या गरिबाने मात्र त्याला तोंड लावले नाही. लंडनमध्ये घोड्याचे मांस मांजरांसाठी विकले जाई, आणि मांजराचे अन्न आपल्या पानात येणे म्हणजे माणसाची पायरी सुटणे. उपाशी माणसालाही अब्रू असते, हे योजना आखणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

दुसरा पर्याय अर्काचा. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे, अर्जेंटिना या देशांत कातड्यासाठी आणि चरबीसाठी गुरे मारीत आणि मांस बरेचसे वाया जाई. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या कृतीवरून उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथे १८६५ च्या सुमारास मांसाचा अर्क काढण्याचा कारखाना उभा राहिला. तीस किलोंहून अधिक मांसाचा एक किलो अर्क. चव उत्तम; पण अंगात भरणारे जे असते ते गाळातच राहून गेलेले. गरिबाला त्याचा उपयोग काडीचाही नव्हता. त्या कारखान्याने पुढे खारवलेले गोमांस डब्यात भरण्यास सुरुवात केली, तेव्हा कुठे तो सामान्य माणसाच्या कामी आला. कारखान्याची जागा २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविली आहे.

डबाबंद मांसाची पत मात्र आधीच गेलेली होती. १८५२ साली इंग्लंडच्या आरमाराने एका पुरवठादाराचे डबे उघडून पाहिले, तो बहुतेक कुजलेले निघाले. त्याचा बोभाटा देशभर झाला. १८६६ नंतर ऑस्ट्रेलियातून डब्यांतले मटण येऊ लागले. खाटकाच्या मांसाच्या निम्म्या भावात ते पडे, त्यात हाड नाही, कोळसा नको. पण ते शिजून शिजून चिंध्या झालेले असे. १८६७ साली इंग्लंडात फॅनी ॲडम्स नावाच्या एका लहान मुलीचा अत्यंत क्रूर खून झाला होता. खलाशांनी त्या डब्यातल्या मटणाला तिचे नाव दिले. यावरून लोकांना ते मांस कसे वाटत होते याची कल्पना येईल.

आता दुसऱ्या बाजूचे चित्र पाहा. ऑस्ट्रेलियात मेंढ्या इतक्या झाल्या होत्या की, १८४३ पासून तेथील कळपवाले त्या मोठमोठ्या कढयांत उकळून नुसती चरबी काढून घेत. मांस फेकून देत. एका टोकाला मेंढी फुकट आणि दुसऱ्या टोकाला लहान मुलाच्या ताटात हाडसुद्धा नाही. मध्ये अडीच-तीन महिन्यांचा समुद्र, आणि त्या समुद्राचा मधला पट्टा भट्टीसारखा तापलेला. हा पट्टा मांस न नासता कसा ओलांडावा, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नापायी किती माणसे धुळीला मिळाली! जेम्स हॅरिसन हा मूळचा स्कॉटिश, ऑस्ट्रेलियात जाऊन वृत्तपत्र चालविणारा. बर्फ तयार करण्याच्या यंत्राच्या आद्य कर्त्यांपैकी तो एक. १८७३ साली त्याने ‘नॉरफोक’ या गलबतातून गोठवलेले मांस इंग्लंडला धाडले; वाटेत टाक्या गळल्या, मांस कुजले आणि हॅरिसनचे दिवाळे निघाले. सिडनीचा धनिक टॉमस मॉर्ट याने आयुष्यभराची कमाई याच कामात ओतली. १८७६ साली ‘नॉर्दम’ नावाचे जहाज मांस घेऊन निघणार, तोच यंत्र बिघडले. दोन वर्षांनी मॉर्ट वारला. फ्रान्समध्ये शार्ल तेलिए याने १८७६ साली ‘फ्रिगोरिफिक’ जहाजातून थंड केलेले मांस रुआँहून ब्वेनोस आयरेसला १०५ दिवसांत नेऊन दाखविले. १९१३ साली तो पॅरिसमध्ये दारिद्र्यात मेला. आणि मघाचा पशुवैद्य गॅमजी? तोही मांस गोठविण्याच्या मागे लागला होता. त्यातून निघाली ती लंडनची कृत्रिम बर्फावर घसरत खेळण्याची जागा. गरिबाला मांस मिळाले नाही, पण श्रीमंतांच्या मुलांची करमणूक झाली.

यश मिळाले ते ग्लासगोच्या बेल बंधू आणि कोलमन यांच्या यंत्राने. तत्त्व सोपे आहे. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे. हवा दाबली की ती तापते. ही तापलेली हवा समुद्राच्या पाण्याने निववायची आणि मग एकदम पसरू द्यायची. ती इतकी थंड होते की पाण्याचा बर्फ व्हावा. हे यंत्र बसविलेले ‘स्ट्रॅथलेव्हन’ जहाज २ फेब्रुवारी १८८० रोजी ऑस्ट्रेलियाहून सुमारे ४० टन मांस घेऊन लंडनला आले. मेलबर्नला जे मांस रत्तलाला दीड-दोन पेन्सला घेतले होते ते स्मिथफील्डच्या बाजारात साडेचार ते सहा पेन्सला गेले. रत्तल म्हणजे आपले सुमारे साडेचारशे ग्रॅम.

त्याहून मोठी गोष्ट घडली ती ‘डनेडिन’ची. हे शिडाचे गलबत. यंत्रापुरते वाफेचे इंजिन त्यावर चढविले होते. न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्सला माल भरता भरताच यंत्राचा दांडा मोडला आणि आधी भरलेला माल गावातच विकावा लागला. पुन्हा भरून १५ फेब्रुवारी १८८२ रोजी गलबत निघाले. धुराड्यातल्या ठिणग्यांनी शिडे पेट घेत. उष्ण कटिबंधात आल्यावर ध्यानात आले की, थंड हवा मालाच्या कोठारात सारखी खेळत नाही. कप्तान व्हिटसन स्वतः सरपटत आत शिरला आणि हवेच्या नळाला जास्त भोके पाडू लागला. थंडीने तो आतच गारठून निपचित पडला. पायाला दोर बांधून खलाशांनी त्याला ओढून काढले. ९८ दिवसांनी गलबत लंडनला लागले. सुमारे पाच हजार मेंढ्या-कोकरांच्या धडांपैकी एकच टाकून द्यावे लागले. ‘डनेडिन’ पुढे १८९० साली अशाच एका सफरीत माणसांसकट बेपत्ता झाले.

येथे मला एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लंडनच्या मजुराला स्वस्त झालेले हे मांस ज्या कुरणांवर पोसले गेले ती कुरणे मोकळी पडलेली नव्हती. न्यूझीलंडात ती माओरींची भूमी होती, ऑस्ट्रेलियात तेथील मूळ रहिवाशांची. अर्जेंटिनात तर १८७९ साली जनरल रोकाच्या फौजेने पंपाच्या मैदानांच्या दक्षिणेकडील मूळ रहिवाशांना बंदुकीच्या जोरावर हुसकून लावले. स्मिथफील्डच्या भावफलकावर ही किंमत कोणी लिहिली नाही.

गोठवलेले मांस आले म्हणजे गरिबाने लगेच खाल्ले असे नाही. गोठलेला तुकडा तसाच भट्टीत घातला तर वरून करपतो आणि हाडाशी कच्चा राहतो. ते आधी सावकाश सुटू द्यावे लागते, हे कोणाला माहीत नव्हते. गोमांस मोठ्या आकाराचे; ते हळूहळू गोठते, त्यात बर्फाचे खडे होऊन तंतू फाटतात आणि सुटताना सारा रस गळून जातो. कोकराचे मटण लहान असल्याने त्याला ही बाधा कमी. म्हणून अर्जेंटिनावाल्यांनी पुढे गोमांस पुरते न गोठवता नुसते गारठवून आणण्याची युक्ती काढली. तीन-चार आठवड्यांच्या प्रवासाला ती पुरे. ऑस्ट्रेलियाला तेवढे अंतर साधेना. अशा रीतीने बाजारात मांसाच्या पायऱ्या पडल्या: देशी, गारठवलेले, गोठवलेले, आणि शहाण्या गृहिणीने हे ओळखले की, गोठवलेले गोमांस घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत गोठवलेले मटण घ्यावे.

खाटकांना तर पर्वणीच मिळाली. न्यूझीलंडचे मटण इंग्लिश म्हणून, वेल्श म्हणून चढ्या भावाने सर्रास विकले जाऊ लागले, इतके की परदेशी मांसावर खूण असावी की नाही याचा विचार करण्यासाठी १८९३ साली लॉर्डांच्या सभागृहाने समिती नेमली. गंमत पाहा: गरीब ‘गोठलेले’ म्हणून ज्याला नाक मुरडीत होता तेच मटण श्रीमंत ‘वेल्श’ म्हणून वाखाणून खात होता. जिभेला फरक कळत नव्हता. फरक होता तो नावात आणि बिलात. शेवटी प्रश्न सोडविला तो मोठ्या कंपन्यांनी. जेम्स नेल्सन आणि त्यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी गावोगाव स्वतःची दुकाने थाटली, माल परदेशी आहे हे उघड सांगितले, भाव ठरीव ठेवले आणि उधारी बंद केली. १९१४ पर्यंत ब्रिटनमधले सुमारे ४० टक्के मांस बाहेरून येऊ लागले. शनिवारी रात्री अकरा वाजता बाहेर पडण्याची गरज बरीच कमी झाली. हा विजय लहान नव्हे. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीने शिकागोच्या मांस-कारखान्यांतील घाण चव्हाट्यावर आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये अमेरिकन डब्यांचा खप एकदम कोसळला. याचा अर्थ असा की, सामान्य गिऱ्हाइकाला आता ‘हे नको’ म्हणण्याइतकी निवड उरली होती.

आणि तरीही मघाचा तो हिशेब? तो आता पुन्हा काढू या.

सीबोम राउंट्री याने १८९९ साली यॉर्क शहरातील कामगारांची घरोघर पाहणी केली आणि १९०१ साली ती प्रसिद्ध केली. पाच माणसांच्या कुटुंबाला नुसते जिवंत आणि कामालायक राहण्यास आठवड्याला किती लागेल, याचा आकडा त्याने काढला: २१ शिलिंग ८ पेन्स. या हिशेबात त्याने खाटकाकडचे ताजे मांस मुळी धरलेच नव्हते! सरकारी अनाथगृहातल्या माणसाला मिळे त्याहूनही हा आहार कडक होता, हे तो स्वतःच सांगतो. एवढे करूनही शहरातील सुमारे दहा टक्के लोकांची मिळकत त्या आकड्याच्या खाली निघाली. न्यूझीलंडचे मटण सहा पेन्सला झाले तरी ज्याच्याकडे ते सहा पेन्स नाहीत त्याला ते सोन्याच्याच भावाचे.

पुढे १९०९ ते १९१३ या काळात फेबियन पंथाच्या काही स्त्रियांनी लॅम्बेथ भागात गरोदर आणि बाळंतीण बायांच्या घरी दर आठवड्याला जाऊन त्यांचे जमाखर्च लिहून घेतले. मॉड पेम्बर रीव्ह्ज या बाईंनी त्यावर १९१३ साली एक पुस्तक लिहिले. साठ वर्षांपूर्वी मेह्यूने ज्याचा बाजार पाहिला होता तोच हा लॅम्बेथ. पुरुषांची मिळकत आठवड्याला अठरा ते तीस शिलिंगांच्या आसपास. दारूबाज नव्हेत, नियमाने कामावर जाणारे. बाया काटकसरी. जमाखर्चात मांसाची नोंद आहे: रविवारचा तुकडा, आणि मग आठवडाभर ‘त्याच्यासाठी’ म्हणून आणलेले थोडेथोडे. मुलांना बटाट्यांवर रस्सा, बायकोला उरले तर. एडवर्ड स्मिथने पन्नास वर्षांपूर्वी जे लिहून ठेवले होते ते अक्षरशः तेच. मांस स्वस्त झाले होते, बरे झाले होते, समुद्र ओलांडून आले होते; पण उंबरठ्यापासून ताटापर्यंतचे चार हात अंतर त्याला ओलांडता आले नव्हते. रीव्ह्जबाईंचे म्हणणे असे की, या बायांना स्वयंपाक शिकविणाऱ्यांनी आधी त्यांच्या शेगडीकडे आणि एकुलत्या एका भांड्याकडे पाहावे. फ्रांकातेलीला ऐंशी नाही तरी साठ वर्षांनी हे उत्तर मिळाले.

१९३६ साली जॉन बॉइड ऑर या शास्त्रज्ञाने मिळकतीप्रमाणे लोकांचे सहा गट पाडून दाखविले की, खालच्या गटाकडून वरच्या गटाकडे जावे तसे मांस, दूध, फळे यांचे प्रमाण चढत जाते, आणि जवळजवळ निम्म्या देशाचा आहार आरोग्याला पुरेसा नाही. यावर वाद झाले. वाद मिटण्यापूर्वी महायुद्ध आले.

११ मार्च १९४० रोजी ब्रिटनमध्ये मांसाचे रेशन सुरू झाले. पहिल्या महायुद्धातही, १९१८ साली, ते होते. पण या वेळची घडण पाहण्यासारखी आहे. साखर, लोणी वजनावर मिळे; मांस मात्र किमतीवर. माणशी आठवड्याला एक शिलिंग दहा पेन्सचे मांस. सहा वर्षांखालील मुलाला त्याच्या निम्मे. म्हणजे कोणी पाठीचा नरम तुकडा घेतला तर थोडे, आणि गळ्याचे-नळीचे घेतले तर जास्त. शंभर वर्षे गरीब बाई जी विद्या रात्रीच्या अंधारात वापरीत आली होती ती आता साऱ्या देशाला शिकावी लागली, सरदाराच्या स्वयंपाकिणीलासुद्धा. काळीज, वजडी, पाये रेशनबाहेर होते, म्हणून त्यांच्यासाठी रांगा लागल्या! पुढे वाटा घटत गेला, काही पेन्सचा भाग डब्यातल्या खारवलेल्या गोमांसाने भरून काढावा लागला. युद्ध संपल्यावर तो आणखी आखडला. सरकारने देवमाशाचे मांस आणून पाहिले, लोकांनी ते बाजूला सारले. तक्रारी अपार होत्या.

पण रेशनचे पुस्तक माणसागणिक होते. नवऱ्याच्या पुस्तकात जेवढ्या पेन्सचे मांस तेवढेच बायकोच्या पुस्तकात. घरी नेल्यावर तिने आपला तुकडा त्याच्या किंवा पोरांच्या ताटात टाकला नसेल असे मी म्हणत नाही. पुष्कळ जणींनी टाकला. तथापि तो आता तिच्या नावावर आलेला तुकडा होता. इंग्लंडच्या बाजाराच्या इतिहासात कामगाराच्या बायकोच्या नावाने मांस मोजले गेले ते या दोन युद्धांच्या रेशनातच. आणि युद्धकाळातल्या सरकारी पाहणीत श्रीमंत व गरीब घरांच्या आहारातले अंतर कमी झालेले दिसले.

हे रेशन चौदा वर्षे चालले. ४ जुलै १९५४ रोजी ते उठले. ट्रफाल्गर चौकात गृहिणींच्या संघटनेने समारंभ केला, एका मंत्र्याने आपल्या मतदारसंघात रेशनच्या पुस्तकाची मोठी प्रतिकृती जाळली. स्मिथफील्डचा बाजार युद्धापासून पहाटे सहाला उघडत असे. त्या दिवशी तो मध्यरात्री उघडला, आणि खाटकांनी पुन्हा आपल्या मनासारखे भाव पुकारण्यास सुरुवात केली.